सिस्टर, पुढे काय शिकणार?

मेडिक्लेमचं कार्ड पाकिटात घेऊन फिरणारी आपली पिढी हॉस्पिटलच्या बाबतीत चांगलीच अपडेटेड आहे. सर्जनने एमएस कुठून केलं, फेलोशिप कुठल्या देशातली, ऑनलाइन रेटिंग किती, हे सगळं आई-बाबांना ॲडमिट करायच्या आधीच आपण काढून ठेवतो. पण ऑपरेशन झाल्यावर पुढचे पाच दिवस, रात्रंदिवस, ज्या बाईच्या (हल्ली ज्या मुलाच्याही) हातात आपले बाबा असतात, तिचं शिक्षण काय, हे कुणी विचारलंय? हात वर करा. दिसत नाहीये एकही!

तर थोडी उजळणी. एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स, गावाकडच्या उपकेंद्रात भेटणाऱ्या सिस्टर बहुधा हा केलेल्या. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा. बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची डिग्री, त्यात ॲनाटॉमीपासून फार्माकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, सायकॉलॉजीपर्यंत सगळं येतं. जीएनएमवाल्यांना दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करून डिग्रीच्या रांगेत जाता येतं. पुढे एमएस्सी, त्यापुढे पीएचडीसुद्धा. १९९८ साली नाशिकला स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ एमबीबीएसची डिग्री देतं तसं नर्सिंगचीही देतं. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज तर १९६४ पासून आहे. म्हणजे हा काही 'दहावी नापास, लागली दवाखान्यात' असला मामला नाही.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण माझी मामेबहीण. आम्ही सगळे तिला नुसतं ताई म्हणतो. मिरजेला जीएनएम केलं, मग पुण्यात येऊन नोकरी करता करता पोस्ट बेसिक बीएस्सी. अकरा वर्षं एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. मागच्या महिन्यात फोन आला. "अरे, तू कंपन्यांतल्या लोकांना करिअरचे फंडे देतोस ना? मग मला एक सांग. पुढे काय शिकू?"

मी आपलं नेहमीचं सुरू केलं. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस वगैरे. ती म्हणाली, "पाच वर्षांचं सोड. परवा मेमो मिळालाय, त्याचं सांग."

झालं होतं ते असं. एका पेशंटच्या मुलाने तिला विचारलं, औषधं इथल्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती आहे का? बाहेर स्वस्त मिळतायत. ताई म्हणाली, सक्ती नाही, पक्कं बिल घेऊन बाहेरून आणू शकता. बस. दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद: 'प्रशासकीय बाबींवर नातेवाइकांशी चर्चा करू नये.'

मजा म्हणजे ती काही चुकीचं बोलली नव्हती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लोकांपुढे ठेवली. तिच्यात १७ हक्क होते. आपली केस पेपरची कॉपी मिळणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, औषध आणि तपासण्या कुठून करायच्या ते स्वतः ठरवणं, बिलाच्या वादावरून पेशंटला किंवा मृतदेहाला अडकवून न ठेवणं, हे सगळं त्यात आहे. महाराष्ट्राने २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत बदल करून हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं. पुढच्या वेळी हॉस्पिटलात गेलात तर शोधा. बऱ्याचदा ते सापडतं लिफ्टच्या मागे, फायर एक्स्टिंग्विशरच्या शेजारी.

पण आपण कोर्सवर होतो.

ताईच्या मेट्रनचा सल्ला: एमएस्सी कर. दोन वर्षांचा कोर्स, मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य, कम्युनिटी, प्रसूती यातलं एक स्पेशलायझेशन, शेवटी एक प्रबंध. केलं की नर्सिंग कॉलेजात ट्यूटर किंवा लेक्चरर. ड्युटी दहा ते पाच, नाइट नाही, पाठीला आराम. वाईट काय आहे? काहीच नाही. फक्त एक गोष्ट मला खटकते. आपल्याकडे नर्सिंगमध्ये वर जायचं म्हणजे बेडपासून लांब जायचं! सर्जन जितका मोठा तितका त्याच्याकडून ऑपरेशन करून घ्यायला रांग. आणि सर्वांत हुशार सिस्टर मात्र प्रमोशन मिळाल्यावर ड्युटी चार्ट आणि चादरींचा हिशोब सांभाळणार. याला अपवाद म्हणजे भारतीय परिचर्या परिषदेने आणलेला नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स. रेसिडेन्सीच्या धर्तीवर, बराचसा वेळ थेट आयसीयूत. ताईला मनापासून हवा होता तो हाच. पण कोर्स झाल्यावर त्या नावाची पोस्ट तिच्या हॉस्पिटलात आहे का? नाही. पगार वाढेल का? एचआरवाले हसले म्हणे.

पगाराचंही सांगतो, कारण त्याशिवाय ही चर्चा म्हणजे हवेतल्या गप्पा. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन सुप्रीम कोर्टात गेली होती, त्यातून २०१६ मध्ये केंद्राने एक समिती नेमली. तिची शिफारस अशी: दोनशेपेक्षा जास्त बेडच्या खासगी हॉस्पिटलांनी सरकारी नर्सइतका पगार द्यावा, आणि पन्नासपेक्षा कमी बेड असले तरी महिना किमान २०,००० रुपये. लक्षात घ्या, छोट्या हॉस्पिटलसाठी वीस हजार हा आकडा शिफारस म्हणून लिहावा लागला. तुमच्या ऑफिसातला फ्रेशर यात ऑफर लेटर तरी उघडेल का?

दुसरा रस्ता माझ्या गल्लीतला. ऑर्गनायझेशन डेव्हलपमेंट, म्हणजे ओडी. (टॅब्लेटचा ओडी वेगळा, म्हणजे दिवसातून एकदा. ताईने हा जोक तीनदा केला.) एचआरमधल्या आम्हा लोकांना हे म्हणजे टीम बिल्डिंग, लोणावळ्याचं ऑफसाइट आणि रंगीत स्टिकी नोट्स वाटतं. खरं काम वेगळं आहे. संस्था जशी वागते तशी का वागते, ते तिच्याच माणसांबरोबर बसून शोधायचं आणि बदलायचं. भारतात याची पायाभरणी उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी सत्तरच्या दशकात केली, एल अँड टीमध्ये. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, म्हणजे आपल्या टिसने, ओडीचे आणि हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचे, दोन्हींचे अभ्यासक्रम चालवले आहेत.

मी ताईला याच शास्त्रातली माझी सगळ्यात आवडती स्टडी सांगितली, आणि ती नेमकी नर्सेसवरचीच आहे. साल १९६० च्या आसपास. लंडनमधल्या एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलला प्रश्न पडला होता की विद्यार्थिनी नर्सेस एवढ्या संख्येने कोर्स अर्धवट का सोडतात. जवळजवळ एक तृतीयांश! त्यांनी टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटच्या इझाबेल मेंझीस यांना बोलावलं. या बाई मनोविश्लेषक. त्यांनी मुलींशी बोलून, वॉर्ड बघून जे लिहिलं ते आजही ओडीच्या वर्गात शिकवतात. त्यांचं म्हणणं, आजारपण, मरण, उघडी शरीरं, नातेवाइकांचा राग हे रोज सोसणं भयंकर असतं, म्हणून हॉस्पिटल नकळत अशी पद्धत उभी करतं की नर्सला पेशंट माणूस म्हणून भेटूच नये. एकीने सगळ्यांचं टेंपरेचर घ्यायचं, दुसरीने सगळ्यांची बेडपॅन. पेशंटला नावाने न ओळखता 'दहा नंबरचं लिव्हर' म्हणायचं. निर्णय शक्य तितका वरच्याकडे ढकलायचा. झोपलेल्या पेशंटला उठवून झोपेची गोळी द्यायची, कारण वेळ झाली! आणि यातून भीती कमी होते का? तर नाही. उलट ज्या मुलींना खरंच माणसांची काळजी घ्यायची असते, त्याच आधी सोडून जातात.

फोनवर बराच वेळ शांतता. मग ताई म्हणाली, "आमच्याकडे 'नऊ नंबरची डायलिसिस' म्हणतात. आणि झोपेच्या गोळीचं... कुणी सांगितलं त्या बाईला?"

मग तिला दुसरी गोष्ट सांगितली. २००१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरने आयसीयूत सेंट्रल लाइन टाकताना करायच्या पाच साध्या पायऱ्या एका कागदावर लिहिल्या. हात धुवा, कातडी औषधाने पुसा, पेशंटवर निर्जंतुक कापड पसरा असल्या. महिनाभर नर्सेसना फक्त बघायला सांगितलं. एक तृतीयांशापेक्षा जास्त पेशंटच्या बाबतीत डॉक्टरांनी एखादी तरी पायरी गाळली होती. आता लिस्ट काय, कुणीही करेल. खरी गंमत पुढे आहे. त्याने मॅनेजमेंटकडून कबूल करून घेतलं की पायरी गाळली तर नर्स डॉक्टरला थांबवू शकते, आणि मॅनेजमेंट तिच्या पाठीशी राहील. त्या आयसीयूतलं लाइनमुळे होणारं इन्फेक्शन वर्षभरात ११ टक्क्यांवरून शून्यावर आलं. मग मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये तेच केलं, तिथे इन्फेक्शनचं प्रमाण दीड वर्षात ६६ टक्क्यांपर्यंत घटलं. हे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. आपल्या विदर्भातल्या उमरखेडजवळ ज्यांचं मूळ गाव, त्या बोस्टनच्या सर्जन अतुल गवांदे यांनी ही गोष्ट लेखातून आणि चेकलिस्टवरच्या पुस्तकातून जगभर पोचवली. लोकांना लक्षात राहिली ती चेकलिस्ट. माझ्या मते औषध होतं ते नर्सच्या पाठीशी उभं राहण्याचं. कागद तर ताईच्या आयसीयूतही लावलाय, लॅमिनेट करून!

"मी डॉक्टरांना थांबवलं तर?" तिने विचारलं. उत्तर तिलाच माहीत होतं. बाहेरच्या मेडिकलचं सांगितलं तर मेमो आला होता.

तिसऱ्या रस्त्याचं नाव ऐकून ती आधी वैतागलीच. पेशंट ॲडव्होकसी. "म्हणजे आता एलएलबी करू का?" नाही गं बाई. इथे ॲडव्होकेट म्हणजे काळा कोटवाला नाही. आजारी माणसाच्या बाजूने बोलणारा, त्याला समजेल अशा भाषेत डॉक्टरचं म्हणणं सांगणारा, बिल वाचणारा, इन्शुरन्सशी भांडणारा. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजने १९८० मध्येच हेल्थ ॲडव्होकसीची मास्टर्स डिग्री सुरू केली. २०१८ पासून तिथे पेशंट ॲडव्होकेटची सर्टिफिकेशन परीक्षाही आहे.

हे खूळ वाटत असेल तर पुन्हा जॉन्स हॉपकिन्सला या. तेच हॉस्पिटल, तेच २००१ साल. जोसी किंग, वय अठरा महिने, गरम पाण्याने भाजली म्हणून ॲडमिट. बरी होत होती, घरी न्यायची तयारी चालली होती. आईला, सोरेल किंग यांना दिसत होतं की पोर तहानेने व्याकूळ आहे, ओलं फडकं चोखतेय. त्यांनी सांगितलं. उत्तर मिळालं, व्हायटल्स नॉर्मल आहेत. नार्कोटिक द्यायचं नाही असं तोंडी ठरलेलं असताना एक नर्स मेथाडोनचा डोस घेऊन आली. आईने हटकलं. ऑर्डर बदललीय, म्हणाली, आणि दिला. जोसीचं हृदय थांबलं. दोन दिवसांत घरी जायची होती ती. आईने भरपाईच्या पैशातून संस्था काढली आणि त्याच हॉस्पिटलमध्ये जाऊन प्रोनोव्होस्टसारख्या डॉक्टरांबरोबर काम सुरू केलं. २००५ मध्ये पिट्सबर्गच्या एका हॉस्पिटलने या आईच्या आग्रहातून नियम केला की पेशंट किंवा नातेवाईक स्वतः फोन करून इमर्जन्सी टीम बोलावू शकतात. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांची मार्था मिल्स २०२१ मध्ये गेली, आईवडील ओरडून सांगत असताना. तिच्या नावाचा तसाच नियम तिथे २०२४ पासून लागू व्हायला लागला.

आपल्याकडे? आपल्याकडे शब्द आधीच आहेत, आणि काय सुंदर आहेत! रुग्णमित्र. फुले जनआरोग्य योजनेच्या डेस्कवर बसणारा आरोग्यमित्र. सरकारी हॉस्पिटलातले समाजसेवा अधीक्षक. पण सगळ्यात भारी शब्द कायद्यातला: वादमित्र. जो स्वतः कोर्टात बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलणारा. २०११ साली अरुणा शानबाग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न आला की त्यांच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा. १९७३ मध्ये केईएममध्येच हल्ला झालेली ही नर्स तेव्हापासून त्याच हॉस्पिटलात पडून होती. कोर्टाने सांगितलं, हा हक्क केईएमच्या स्टाफचा. ज्यांनी बेचाळीस वर्षं, २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत, त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली, आणि बेड रिकामा करायचा घाट घातला गेला तेव्हा आंदोलन केलं. इच्छामरणाच्या बाजूने त्या वेळी मांडलेले मुद्दे मला आजही पटतात, त्यावर वाद होऊ शकतो. पण पेशंटचा वादमित्र म्हणून देशातल्या सर्वोच्च कोर्टाने नर्सेसकडे बोट दाखवलं, ही गोष्ट नर्सिंगच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी सांगायला हवी.

२०२१ च्या नव्या सेमिस्टरवाल्या बीएस्सी अभ्यासक्रमात नर्सिंग मॅनेजमेंट आणि लीडरशिप हा विषय आहे, एथिक्सही आहे, रुग्णहक्क आहेत. म्हणजे आता बाहेर पडणाऱ्या मुली हे शिकून येणार. आणि मग पहिल्या नोकरीत 'चर्चा करू नये' वाचणार.

म्हणून मी ताईला म्हटलं, आयसीयू सोड आणि फ्रीलान्स रुग्णमित्र हो! आयटीवाल्यांची मुलं अमेरिकेत आणि आईबाप कोथरूडला, केवढं मार्केट आहे. तासाच्या हिशोबाने पैसे घे. तुला सगळं माहितीय. ट्रस्टच्या हॉस्पिटलात १० टक्के बेड निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवावे लागतात, हे किती जणांना ठाऊक असतं? कॅशलेसला विमा कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत, हा २०२४ चा आयआरडीएआयचा नियम किती जण काउंटरवर सांगू शकतात?

तिला ते आवडलं नाही. "कोथरूडवाल्यांना परवडेल," ती म्हणाली. "ज्याने मला औषधाचं विचारलं ना, तो माण तालुक्यातून आला होता. म्हैस विकून. तो तासाचे पैसे कुठून देणार? आणि हॉस्पिटलने पगारी ॲडव्होकेट ठेवला तर तो कुणाच्या बाजूने बोलेल, तूच सांग."

हा पॉइंट सॉलिड होता. अमेरिकेतही हा वाद मिटलेला नाही. हॉस्पिटलचा पगारी माणूस पेशंटचा किती, आणि पेशंटने पैसे दिलेला माणूस गरिबाचा किती. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षं पुण्याची 'साथी', जनआरोग्य अभियान अशा संस्थांच्या कार्यकर्त्यांनी बिनबोभाट केलंय, त्यासाठी कुठली डिग्री नव्हती.

शेवटी ताईने एमएस्सीचा फॉर्म भरला. मेडिकल-सर्जिकल. कॉलेजात शिकवायला नाही, असं ती ठासून सांगते. प्रबंधासाठी विषय तिने आधीच ठरवलाय: आयसीयूच्या दारात उभे असलेले नातेवाईक नर्सला काय काय विचारतात, आणि त्यातल्या कशाचं उत्तर द्यायची तिला परवानगी असते. माझं ओडी आणि तिचा मेमो, दोन्ही बसवलं पठ्ठीने एका टायटलमध्ये. रजेचं नक्की नाही. हॉस्पिटल म्हणतंय बिनपगारी घ्या आणि परत आल्यावर दोन वर्षांचा बॉण्ड द्या. मी म्हटलं सही करायच्या आधी मला दाखव, ती म्हणाली बघू.

तोवर तिने वही सुरू केलीय. रोजच्या ड्युटीत आलेले प्रश्न, नावं न लिहिता, नुसते प्रश्न. तीन आठवड्यांत दोनशेच्या वर झालेत. 'चार्जर कुठे लावू'पासून 'डॉक्टर खरं सांगतायत ना'पर्यंत. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न मला वाटलं होतं बिलाचा असेल. तो आहे: 'त्यांना आमचं बोललेलं ऐकू येतं का?' आता तिला हे सगळं एक्सेलमध्ये टाकायचंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. या प्रश्नाचा कॉलम कुठला करायचा, वैद्यकीय की इतर, यावर आमचं रविवारी दोन तास भांडण झालं.